गिनी पिग खाजवतोय? तेल-मलम लावण्याआधी हे बघा

परभणीच्या आमच्या घरात शेंगू आली ती लेकीच्या हट्टामुळे. तपकिरी-पांढरी, दोन ओंजळींत मावणारी गिनी पिगची मादी. दोन महिने सगळं ठीक होतं. मग ती मागच्या पायानं खांदा खाजवायला लागली. घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं एकमत झालं, कडुलिंबाचं तेल लावा. लावलं. तीन आठवडे रोज लावलं. केस चिकटून बटा झाल्या, खाली पिवळट खपल्या धरल्या, आणि एका संध्याकाळी खाजवता खाजवता ती कुशीवर कोसळली. पाय ताठ, मान मागे, अंगाला झटके. तिनं काहीतरी विषारी खाल्लं असंच आम्हाला वाटलं.

ती खरूज होती. कातडीत शिरलेल्या किड्यांची खाज इतकी अनावर झाली होती की त्या खाजेपायीच झटके येत होते. बरोबर औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात ती पाय पसरून शांत झोपू लागली. मधल्या तीन आठवड्यांत तिनं जे सोसलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे नव्यानं गिनी पिग पाळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: कारण कळेपर्यंत अंगाला काहीही चोपडू नका. कारण कसं शोधायचं, ते पुढे क्रमानं सांगते.

पायरी पहिली: उजेडात, मांडीवर घेऊन तपासा

सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसा. मांडीवर जुना टॉवेल घ्या, त्यावर गिनी पिगला ठेवा, समोर कोथिंबिरीची काडी धरा. एका हातानं छातीखाली आणि दुसऱ्यानं कुल्ल्याखाली आधार द्या. मानगुटीला धरून उचलायचं नाही. आता डोक्यापासून शेपटीच्या जागेपर्यंत केसांत हळूच फुंकर मारत जा, म्हणजे केस दुभंगतात आणि खालची कातडी दिसते. पोट, काखा, चारही पायांचे तळवे, गुदद्वाराभोवतीची जागा, हनुवटीखालचा भाग, काही सोडू नका.

काही गोष्टी बघून नवी माणसं घाबरतात, पण त्या आजार नाहीत. दोन्ही कानांच्या मागे केस नसलेला एक चट्टा जन्मापासून असतो. कंबरेखाली, शेपटी असायला हवी तिथे, तेलकट ग्रंथी असते. नरांत ती जास्त चिकट होते. कधीकधी डोळ्यातून दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि तो प्राणी पुढच्या पंजांनी तो तोंडाला फासतो. ही त्याची तोंड धुण्याची रीत आहे.

मग वजन करा. किराणा मोजायचा छोटा डिजिटल काटा पुरतो. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. आकडा दर रविवारी वहीत लिहा. गिनी पिग दुखणं लपवतो, शेवटपर्यंत लपवतो, पण वजन लपवता येत नाही. आठवड्यात ५० ग्रॅम घटलं तर मी रोज वजन करते, १०० ग्रॅम घटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठते.

हे झालं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. खाज आहे का? केस नेमके कुठले गेलेत? घरातल्या कुणाच्या, विशेषतः लेकरांच्या, हातावर-मानेवर काही उठलंय का? निम्मं निदान या तीन उत्तरांत असतं.

खूप खाज, खांदे आणि पाठ: खरूज धरून चला

गिनी पिगच्या खरजेचा किडा अगदी बारीक असतो, डोळ्यांना दिसत नाही. ट्रिक्साकॅरस कॅव्हिए असं त्याचं नाव. तो कातडीत बोगदे करून राहतो, तिथेच अंडी घालतो. सुरुवात बहुधा खांदे, पाठ, बगला, मांड्यांच्या आतल्या बाजूला होते. केस विरळ होतात, कातडी जाड आणि पिवळट-राखाडी होते, खाजवून जखमा होतात. हात लावला तरी प्राणी किंचाळतो किंवा गोल फिरून स्वतःलाच चावायला बघतो. झटके आले तर ही वेळ घालवायची गोष्ट नाही. दवाखान्यात नेतानाही त्याच्या पाठीला हात लावू नका, स्पर्शानंच पुन्हा झटका येऊ शकतो.

‘पण आमचा तर घराबाहेरच जात नाही, मग कुठून आली?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बऱ्याचदा किडे दुकानातूनच अंगावर आलेले असतात आणि महिनोन्महिने गप्प असतात. प्रवास, नवी जागा, गाभण राहणं, उन्हाळ्याचा ताण, क जीवनसत्त्वाची कमतरता यांनी प्राण्याची ताकद घटली की ते उसळतात.

डॉक्टर कातडीचा खरवडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. किडे खोल असल्यानं खरवड्यात काही सापडलं नाही तरी खरूज नाही असं होत नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. औषध बहुधा आयव्हरमेक्टिन किंवा मानेवर टाकायचं सेलामेक्टिन असतं. आयव्हरमेक्टिननं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटून नवे किडे निघतात, म्हणून ७ ते १४ दिवसांच्या अंतरानं पुन्हा डोस लागतो, एकूण दोन-तीन वेळा. पहिल्या डोसनंतर खाज कमी होते आणि माणसं पुढचा डोस बुडवतात. महिन्याभरात सगळं परत येतं. एकत्र राहणाऱ्या सगळ्या गिनी पिगना एकाच वेळी औषध द्यावं लागतं, खाजवत नसला तरी.

या किड्यांमुळे माणसाच्या हातावर, पोटावर खाजरे लाल पुरळ येऊ शकतात. ते किडे माणसावर संसार थाटत नाहीत. प्राणी बरा झाला की पुरळही जातात.

आता आपल्या भागातली एक मोठी धोक्याची गोष्ट. आयव्हरमेक्टिनची बाटली मराठवाड्यात गोठा असलेल्या घरात सहज सापडते आणि ‘थोडंसं टोचू’ असं वाटतं. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनचं नेहमीचं प्रमाण ५० किलो वजनाला १ मिलि आहे. त्या हिशेबानं १ किलोच्या प्राण्याला ०.०२ मिलि होतं. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजवरची सगळ्यात बारीक एक रेघ ०.०२५ मिलिची असते. म्हणजे एका रेघेचीही चूक इथे चालत नाही. गिनी पिगला नेमकं किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात, त्यांनाही ते पातळ करून द्यावं लागतं. घरी हे करू नका.

उवा आणि केसांवरचे किडे त्या मानानं सौम्य. काळ्या कागदावर केस झटकले की पांढरट, लांबुडक्या, चालणाऱ्या उवा दिसतात, केसांना लिखा चिकटलेल्या असतात. या उवा माणसाच्या डोक्यात जात नाहीत, लेकरांना धाक घालू नका. उपचार साधारण खरजेसारखाच.

नाक, डोळे, कान यांच्याभोवती खपल्या: गजकर्ण

याला नायटाही म्हणतात. हा किड्याचा नाही, बुरशीचा आजार आहे. बहुतेक वेळा नाकाच्या शेंड्यावरून, डोळ्यांभोवतीनं किंवा कानावरून सुरुवात होते. केस तुटतात, गोलसर चट्टा पडतो, त्यावर कोंड्यासारखा थर येतो. खाज असते किंवा नसते. पिल्लांत जास्त दिसतो.

हा माणसाला लागतो, आणि सहज लागतो. लेकरं गिनी पिगला गालाला लावतात, म्हणून चट्टाही गालावर, मानेवर किंवा हाताच्या आतल्या बाजूला उठतो. तसं झालं तर लेकराला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरात गिनी पिग आहे हे त्यांना न विसरता सांगा.

निदानासाठी केस आणि खपल्या घेऊन बुरशी वाढवून बघतात, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. काही ठिकाणी जांभळ्या दिव्याखाली बघतात. गिनी पिगला होणारी बुरशी त्या दिव्यात सहसा चमकत नाही, त्यामुळे चमक दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लहान चट्ट्याला डॉक्टर मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोलचं साधं मलम देतात, पसरलेल्या आजाराला तोंडावाटे औषध.

मेडिकलवर ‘गजकर्णाचं मलम द्या’ म्हटलं की जी ट्यूब हातात येते तिच्यात बऱ्याचदा बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत लाली कमी होते आणि बुरशी आत पसरत राहते. माणसांतही या मिश्र मलमांनी नायटा हट्टी झाल्याच्या तक्रारी भारतभर आहेत. ट्यूबवरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं तर ती बाजूला ठेवा.

पिंजऱ्याची सफाई हा निम्मा उपचार आहे. बुरशीचे बीजाणू सांडलेल्या केसांत महिनोन्महिने टिकतात. लाकडी घर, कुजकट पाट्या टाकून द्या. प्लॅस्टिक आणि लोखंड साबणानं घासा, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ठेवा, खळखळून धुवा, कडक उन्हात वाळवा. प्राणी तोवर दुसऱ्या खोलीत. औषध लावताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा.

खाज नाही, पण केस जातात

दोन वर्षांपुढच्या मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत असतील, कातडी स्वच्छ असेल, खाज नसेल, तर अंडाशयात गाठी असण्याची शक्यता मोठी. ही त्वचेची तक्रारच नाही, मलमानं काही होणार नाही. सोनोग्राफी करून डॉक्टर संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया सुचवतात. गाभणपणाच्या शेवटी आणि पिल्लं पाजताना केस विरळ होणं वेगळं. ते आपोआप भरतात.

कात्रीनं कापल्यासारखे आखूड केस, कातडी ठणठणीत? मग सोबतीचा किंवा तो स्वतः केस चावतोय. कारण बहुधा कंटाळा, कमी जागा आणि वाळलेल्या गवताचा तुटवडा. दोघांसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा लागते. दुकानातून मिळतो तो पिंजरा त्याच्या निम्माही नसतो.

आणि क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही, ससा आणि शेळी यांच्या होतं. सशाची पेलेट (दाणेदार खाद्य) किंवा कोंबडीखाद्य खाऊन तो जगेल असं वाटतं, पण काही आठवड्यांत केस राठ होतात, जखमा भरत नाहीत, सांधे सुजतात, उचललं की ओरडतो. किलोला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीचा २५-३० ग्रॅमचा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर यात ते भागतं. हिवाळ्यात पेरूची छोटी फोड किंवा नखाएवढा आवळ्याचा तुकडा चालतो. पाण्यात गोळी विरघळवू नका, ते जीवनसत्त्व पाण्यात लवकर नासतं आणि चव बदलली की प्राणी पाणीच पीत नाही.

लसूणघासाबद्दल विचारतात. नावात लसूण असली तरी तो चारा आहे, चालतो. पण त्यात कॅल्शियम जास्त, म्हणून मोठ्यांना रोज पोटभर नको, पिल्लांना आणि गाभण मादीला चालेल. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, गुरांना जी विषबाधा होते ती यालाही होईल. कापूस-सोयाबीनच्या बांधावरचं गवत आणायचं तर तिथे तणनाशक मारलेलं नाही ना, हे मालकाला विचारूनच.

पाय, मागची बाजू, गाठी

तळवे रोज बघा. जाळीच्या तळावर किंवा ओल्या बिछान्यावर राहिलेल्या, वजन वाढलेल्या गिनी पिगचे तळवे आधी गुलाबी-गुळगुळीत होतात, मग सुजतात, मग घट्टा येऊन जखम होते. जंतू हाडापर्यंत गेले की महिनोन्महिने ड्रेसिंग करावं लागतं, कधी प्राणीही हातचा जातो. गुळगुळीत गुलाबीपणा दिसला त्याच दिवशी जाळीवर जाड कापडी अंथरूण घाला.

हनुवटीखाली किंवा मानेला गाठ आली तर बहुधा पू असतो. तो खव्यासारखा घट्ट, दाबून निघत नाही. फोडू नका, डॉक्टर चिरा देऊन साफ करतात. आपल्याकडच्या माळरानावरच्या गवतात कुसळी फार. ती कुसळं गालात, कातडीत रुतून अशाच गाठी करतात. कुसळी फुलोऱ्यात यायच्या आधी कापलेलं गवत घ्या, आणि घालण्याआधी हातानं चाळा. हरभऱ्याची किंवा सोयाबीनची गुळीही बोचते, ती बिछान्याला नको.

पावसाळ्यात आणखी एक. ढाळ लागून मागचे केस भिजले की माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या पडतात. जुलै ते सप्टेंबर दिवसातून दोनदा मागची बाजू बघा. अळी दिसली तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

हे लावू नका, हे देऊ नका

रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबर गोळी, फिनाइल, गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषध, कुत्र्याची पिसवांची पावडर. यांपैकी काहीही नाही. सशांचा जीव घेणारं फिप्रोनिल (पिसवा-गोचिडांवरचं औषध) गिनी पिगलाही टाळतात. कडुलिंब-करंजाच्या तेलानं खरजेचे किडे मरत नाहीत, केस चिकटतात, प्राणी ते चाटतो, आणि उपचाराचे दिवस वाया जातात.

याहून महत्त्वाचं आहे प्रतिजैविकांचं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांनी गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. लेकराच्या तापाचं उरलेलं गुलाबी सिरप म्हणजे बहुधा अमॉक्सिसिलिन. ते थेंबभरही नाही. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधं डॉक्टर वापरतात.

अंघोळही स्वतःहून घालू नका. डॉक्टरांनी औषधी शाम्पू सांगितला तर कोमट पाणी, डोकं कोरडं ठेवून, आणि शेवटच्या केसापर्यंत पुसून वाळवणं. परभणीच्या जानेवारीत ओला गिनी पिग रात्रभर राहिला तर न्यूमोनिया दूर नाही.

डॉक्टरांकडे जाताना

परभणीला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. तिथे प्राण्यांवर उपचार होतात आणि खरवडा तपासायची सोयही असते. इतर जिल्ह्यांत आधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. तालुक्याच्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो, गिनी पिग त्यांनी कमी पाहिलेला असू शकतो. तेव्हा संकोच न करता नम्रपणे सांगा, ‘डॉक्टरसाहेब, याला पेनिसिलिन गटातलं औषध सोसत नाही असं वाचलंय, तुम्ही बघून द्या.’ चांगला डॉक्टर रागावत नाही.

सोबत न्यायचं: वजनाची वही, खाजवतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ (दवाखान्यात तो घाबरून पुतळा होतो, खाजवतच नाही), आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि गिनी पिगचा सोबती. उन्हाळ्यात एसटीनं निघायचं तर पहाटेची गाडी धरा. टोपलीत गवत आणि काकडीची फोड ठेवा, उपाशी नेऊ नका. १२ तास काही न खाल्लेला गिनी पिग हा स्वतंत्र तातडीचा आजार आहे, त्वचेचं नंतर.

निघण्यापूर्वी विचारा: किती मिलि, किती दिवस, पुढचा डोस कोणत्या तारखेला.

घर कोरडं, थंड आणि मोकळं

गिनी पिगला १८ ते २४ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून कूलर लावला जातो, आणि कूलरच्या थेट झोतात पिंजरा ठेवला की गवत, कापड, केस सगळं दमट होतं. गजकर्णाला अशीच हवा लागते. पिंजरा झोताच्या बाजूला ठेवा, खिडकी उघडी ठेवा, बसायला ओली करून निथळलेली मातीची फरशी द्या, आणि बिछाना त्या दिवसांत रोज बदला.

बिछान्याला वखारीतला बारीक भुसा नको, धूळ नाकात जाते. खाली वर्तमानपत्राची जाड घडी, वर जुन्या सुती लुगड्याची छोटी गोधडी, दोन-तीन जोड शिवून ठेवले की धुवायला सोपं. सुटे दोरे कापा, ते बोटांना गुंडाळतात. सगळ्यावर वाळलेल्या मारवेल गवताचा ढीग, तो खायला आणि लपायला दोन्हीला. नखं महिन्याला एकदा कापा, लांब नखांनी साधी खाजही जखम होते.

नवा गिनी पिग आणला तर तीन आठवडे वेगळ्या खोलीत. आधी जुन्याला खाऊ घाला, मग नव्याला, आणि हात धुऊन परत या.

औषध संपल्यावर केस लगेच येत नाहीत. आधी खपल्या सुटतात, मग मऊ लव, मग खरे केस, यात कित्येक आठवडे जातात. शेंगूच्या खांद्यावर पहिली लव दिसली तेव्हा तिसरा डोस व्हायचा होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल होता, आणि तिसरा डोस आम्ही त्याच दिवशी दिला.